दिल्लीला जाऊन काय केलंस?

निफाड तालुक्यातल्या एका मुलीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव, गाव, कॉलेज वगळून त्यातला मजकूर असा. ती नाशिकला मावशीकडे राहून अर्थशास्त्र शिकते, यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. घरी द्राक्षबाग आणि दोन एकर कांदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने दिल्लीत, सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत, आठ आठवडे इंटर्नशिप केली. मानधन नव्हतं. पीजीचं भाडं, डबा, मेट्रो आणि रेल्वेचं तिकीट मिळून ४६ हजार रुपये गेले. वडिलांनी ते ऑक्टोबर छाटणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिले.

काम काय होतं? बाजार समित्यांचे भाव एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उतरवायचे, मराठी कागद इंग्रजीत करायचे, मीटिंगच्या आधी प्रिंट काढून प्रत्येक खुर्चीसमोर ठेवायच्या. सोबतच्या चौघांचं इंग्रजी फाडफाड, हिचं अडखळत. एकदा ती "मेरे को पता नहीं था" म्हणाली आणि टेबलभर हशा पिकला. तेव्हापासून कामापुरतंच बोलली. संसद बघायची फार इच्छा होती, ती बाहेरूनच पाहिली. घरी मात्र रोज फोनवर "मस्त चाललंय". आता वडील पारावर सांगतात की पोरगी दिल्लीत सरकारला सल्ला देऊन आली. जो भेटेल तो विचारतो, दिल्लीला जाऊन काय केलंस? चुलत बहिणीला पुढच्या उन्हाळ्यात तिकडेच जायचं आहे. त्यात त्या संस्थेचा निरोप आलाय: पदवी झाली की पुढच्या जूनपासून सहा महिने ये, मानधनाचं "नंतर बघू".

तिचे प्रश्न तीन. परत जाऊ का? घरी खरं सांगू का? आणि, तिच्याच शब्दांत, "मराठी माध्यमातल्या मुलीने दिल्लीची हौस करावीच का?"

खाली ताजा कलम आहे: "एक गोष्ट अजून टोचते. लासलगावच्या कांद्याच्या भावांचा तक्ता माझ्याकडे होता. त्यातला कांद्याची 'जात' सांगणारा रकाना काढून टाक आणि सगळ्याची सरासरी घे, असं मला सांगितलं. मी काढला. मीटिंगमध्ये त्यावरून आलेख दाखवला की एप्रिलमध्ये भाव सावरतो. तसं नसतं हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

---

अगं मुली,

पत्र दोनदा वाचलं, ताजा कलम चारदा. त्याच्याकडे येतेच, पण आधी दिल्लीचं बघू.

संसद बाहेरूनच पाहिली याची तुला फार रुखरुख लागलेली दिसते. पण मे-जूनमध्ये संसदेत असतं कोण? अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण एप्रिलपर्यंत आटोपतं, पावसाळी अधिवेशन जुलैत सुरू होतं. सर्वोच्च न्यायालयाचं कामही त्या दिवसांत मोजक्याच पीठांवर चालतं. ज्या साहेबांना जमतं ते रजा टाकून डोंगर गाठतात. इंग्रजांनी तर १८६४ पासून पद्धतच पाडली होती, उन्हाळा आला की फायलींसकट अख्खं सरकार सिमल्याला. आपल्या पोरांना सुट्टी असते नेमकी तेव्हाच राजधानीही सुट्टीवर असते, आणि ४४-४५ अंशांच्या लूमध्ये कामावर उरतात ते इंटर्न. तू पाहिलीस ती अर्धं शटर ओढलेली दिल्ली होती. त्यावरून दुकानात माल काय आहे हे ठरवू नकोस, आणि आपल्यालाच गिऱ्हाइकी जमत नाही असंही ठरवू नकोस.

हे तुला आधी कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारं कुणी नव्हतंच. ज्यांच्या घरी आधी कुणीतरी दिल्लीत राहून आलेलं असतं त्यांना असल्या गोष्टी जेवताना कळतात. इतरांना ४६ हजार मोजून कळतात.

आता प्रिंट आणि खुर्च्या. यात तुला कमीपणा वाटला. मलाही वाटला होता. तीसहून जास्त वर्षांपूर्वी मी एका वर्तमानपत्राच्या दिल्लीतल्या कचेरीत दीड महिना उमेदवारी केली. (इंटर्नशिप हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. फुकट राबण्याला उमेदवारी म्हणायचे, त्यातल्या त्यात तो शब्द तरी दिसायला बरा.) काम म्हणजे सकाळी अकरा वर्तमानपत्रांतली कात्रणं कापायची, खळीने कोऱ्या कागदावर चिकटवायची, कोपऱ्यात तारीख घालायची. बोटांच्या बेचक्यांत खळ वाळून दुपारपर्यंत पापुद्रे निघायचे. तिथले मुख्य मला बंबईवाली म्हणत. मी एकदा सांगितलं, मी नाशिकची. ते म्हणाले, "एक ही बात है."

एका दुपारी गोदावरीवरची एक बातमी टेबलावर आली. तीत लिहिलं होतं की नदी नाशिक शहरात, रामकुंडापाशी उगम पावते. ब्रह्मगिरी मी पायांनी चढलेय, त्र्यंबकला आमचं वर्षाला दोनदा जाणं. पण लिहिणारा वीस वर्षं मुरलेला आणि मी कालची पोर. बसले गप्प. दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून आलं, आणि मीच ते कापून, चिकटवून, तारीख घालून फायलीत लावलं.

ताजा कलम चारदा का वाचला ते आता कळलं असेल.

सगळ्यांच्या घरी कांदा साठवायची चाळ नसते, म्हणून इतर वाचकांसाठी तुझी गोष्ट जरा उलगडते. मार्चमध्ये लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात दोन तऱ्हेचा कांदा असतो. एक उशिरा लावलेला रांगडा, जो लालमध्येच धरला जातो, आणि दुसरा नवा उन्हाळ. लाल टिकत नाही. काढला की विकायचा, भाव असो नसो. उन्हाळ चाळीत चार-पाच महिने तग धरतो, त्यामुळे शेतकरीही थांबू शकतो आणि व्यापारीही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. एप्रिल सरता सरता लाल संपतो आणि आवारात उरतो तो उन्हाळ. आता 'जात' हा रकाना उडवून सगळ्याची एकच सरासरी काढली, तर मार्चचा आकडा लालमुळे खाली ओढला जातो आणि एप्रिलचा वर दिसतो. आलेख बघणाऱ्याला वाटतं भाव सावरला. प्रत्यक्षात ट्रॉलीतला माल बदललेला असतो. त्यात आणखी एक गोम: साधी सरासरी काढली की पाच ट्रॉल्या आलेला दिवस आणि पाचशे ट्रॉल्या आलेला दिवस सारख्याच तोलाचे होतात. गोल्टी (म्हणजे बारीक कांदा) आणि एक नंबर माल यांचं त्रांगडं तर मी इथे काढतच नाही.

हे त्या खोलीत तुझ्याशिवाय आणखी किती जणांना माहीत होतं? पत्रावरून तरी कुणालाच नसावं.

बरं, ही काही हौशी चर्चा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरमध्ये निर्यात बंदच झाली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण शुल्क ठेवून. ते पुरतं गेलं एप्रिल २०२५ ला. निर्यात बंद झाली तेव्हा तू बारावीत असशील. त्या हिवाळ्यात घरात काय वातावरण होतं ते तू मला सांगायचंस, मी तुला नाही. हे निर्णय फक्त आलेखावर होतात असं मी म्हणत नाही, निवडणुका असतात, शहरातल्या गिऱ्हाइकांची ओरड असते. पण टेबलावर कुठला ना कुठला आलेख ठेवलेला असतोच. आणि तो बनवताना कुणीतरी एक रकाना उडवलेला असू शकतो, हे तू तुझ्या डोळ्यांनी पाहून आलीस. पारावर कुणी पुन्हा विचारलं की दिल्लीला जाऊन काय केलंस, तर माझ्या मते हे सांगण्यासारखं आहे.

आता एक खोचक प्रश्न विचारते, राग मानू नकोस. तू गप्प बसलीस ती खरंच इंग्रजीमुळे? लाल कांदा वेगळा, उन्हाळ वेगळा, हे सांगायला किती इंग्रजी लागतं? "टू डिफरंट ओनियन्स, सर." तीन-चार शब्द. ते तुला येत होते. माझा अंदाज असा की तुला तुझ्या माहितीची लाज वाटली. चाळीत बसून, आजोबांच्या तोंडून, ट्रॉलीवर उभं राहून जे कळलं ते घरचं. आणि फाइलमध्ये, पडद्यावर, फाडफाड बोलणाऱ्याच्या तोंडी जे आहे ते ज्ञान. अशी वाटणी तू मनात करून गेली होतीस. ती तुला कुणी शिकवली, याचा विचार कर. आमच्या शाळा-कॉलेजांचा त्यात मोठा वाटा आहे. अर्थशास्त्राचे तास घेऊन पोरांना जवळच्या बाजार समितीत एकदाही न नेणारी कॉलेजं याच जिल्ह्यात आहेत.

चूक तुझ्या एकटीची नाही, हेही लिहून ठेवते. लासलगावचा तक्ता निफाडच्या मुलीच्या हातात द्यायचा आणि "हे असं का दिसतंय?" एवढंही तिला विचारायचं नाही, ही संस्था स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. चांगला वरिष्ठ असता तर पहिल्याच आठवड्यात तुला घरी काय पिकतं ते विचारता.

इंग्रजी मात्र सुधारायला हवं. इथे मी तुला गोंजारणार नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि टाळण्यासारखंही नाही. रोज एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्रातला अर्थविषयक मजकूर पानभर मोठ्याने वाच, मावशीला कंटाळा आला तर गच्चीवर जाऊन वाच. आठवड्यातून एकदा दहा ओळी लिही, स्वतःला माहीत असलेल्या विषयावर. सहा महिन्यांत फरक पडतो. हिंदीचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या "मेरे को"वर हसणारे त्याच दमात "मैंने जाना है" म्हणतात, आणि व्याकरणाच्या मास्तरांना विचारलंस तर दोघांनाही ओणवं उभं करतील. त्यांचं चालून जातं कारण गाव त्यांचं आहे.

आणि त्या चौघांचं काय? त्यांनी आठ आठवडे काय केलं हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. माझी पैज आहे, तेही तक्तेच भरत होते. फक्त घरी जाऊन त्यांनी ते वेगळ्या शब्दांत सांगितलं असेल.

वळू या संस्थेच्या निरोपाकडे. "ये, मानधनाचं नंतर बघू." तुझे वडील द्राक्षं विकतात. एखादा व्यापारी बागेत आला आणि म्हणाला, माल आज तोडतो, भावाचं नंतर बघू, तर ते काय करतील? आपल्या जिल्ह्यात असा माल देऊन हात चोळत बसलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. शिकताना, सुट्टीत, सहा-आठ आठवडे बिनपैशांचं काम केलं तर मी समजू शकते. ती फी समजायची, मात्र बदल्यात शिकायला मिळालं पाहिजे. पदवी हातात आल्यावर सहा महिने पूर्णवेळ काम, ही नोकरी झाली. तुझ्याच हिशोबाने आठ आठवड्यांना ४६ हजार, तर सहा महिन्यांना दीड लाखाच्या आसपास. एवढे पैसे भरून काम करायला जाणारी माणसं असतात, त्यांच्या घरी ते असतात. तुमच्या घरी ते छाटणीचे आहेत.

म्हणून सरळ "नाही" कळव असं सांगत नाही. आधी एक काम कर. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव जातीनिहाय मिळतात, आवकही दिलेली असते. तिथून लासलगावचे फेब्रुवारी ते मे या महिन्यांचे आकडे घे. लाल वेगळा, उन्हाळ वेगळा, अशा दोन रेषा काढ. सरासरी काढताना आवकेचं वजन धर. खाली मराठीतून विचार करून इंग्रजीत सहा-सात ओळी लिही. संस्थेची फाइल वापरू नकोस, ती त्यांची आहे. सार्वजनिक आकड्यांवरच कर. एका पानाच्या पुढे जाऊ नकोस. आणि ते पान तुझ्या तिथल्या वरिष्ठांना पाठव, साध्या शब्दांत: मीटिंगमध्ये हे सांगायचं राहून गेलं, आता सांगते. पुढे लिही की हे काम नाशिकमधून, बाजारात प्रत्यक्ष जाऊन, करायला मला आवडेल. त्याचं मानधन किती, कुणाच्या हाताखाली, आणि अहवालावर माझं नाव असेल का, एवढं कळवावं.

उत्तर काय येतं त्यावरून तुला त्या संस्थेची पारख होईल. "वा, आम्हाला हे सुचलंच नाही," असं आलं तर बोलणी पुढे ने. "थँक्यू, नोटेड" असं आलं तर जूनमध्ये तिकडे जाऊन तू पुन्हा प्रिंटच काढणार आहेस. उत्तर आलंच नाही तरी ते पान तुझ्यापाशी राहतं, आणि पुढच्या कुठल्याही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ते जास्त बोलेल.

दिल्लीला जायचे दुसरे रस्तेही आहेत, आणि सगळे बिनपैशांचे नाहीत. नीती आयोगाची इंटर्नशिप नावाजलेली, पण मानधन देत नाही. परराष्ट्र मंत्रालय त्यांच्या इंटर्नना मानधन आणि प्रवासखर्च देतं. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून चालू आहे. त्यात कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करायला मिळतं, तेही मानधनावर. संसद चालू असतानाची दिल्ली बघायची असेल तर हा रस्ता. महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप आहे, वय २१ ते २६, पण तिला वर्षभराच्या कामाचा अनुभव मागतात, म्हणजे तुझ्यासाठी ती पदवीनंतर लगेच नाही. पुढे शिकायचं असेल तर १९३० साली स्थापन झालेली पुण्याची गोखले संस्था अर्थशास्त्रच शिकवते. अटी दर वर्षी बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या त्या वर्षाची जाहिरात वाचायची, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नव्हे.

आणि हो, तुझ्या तालुक्यातच, औरंगाबाद रस्त्याला चितेगाव फाट्यावर, कांद्या-लसणाच्या संशोधनाचं राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र आहे. बसने तू कित्येकदा तिथून गेली असशील. आत गेलीस का कधी?

मी तुला "परत गावाकडे ये" असं सांगतेय असं वाटू देऊ नकोस. मला त्या उपदेशाचा कंटाळा आहे, तो देणारे बहुतेक पुण्या-मुंबईत फ्लॅट घेऊन बसलेले असतात. दिल्लीला जरूर जा. मराठी माध्यमातल्या मुलीने हौस करावी का, हा प्रश्नच मला मंजूर नाही. फक्त पुढच्या वेळी काहीतरी घेऊन जा आणि त्याची किंमत ठरवून जा.

घरी सांगायचं का? सांगायचं. पण एकदम कबुलीजबाब देत बसू नकोस, त्याने आईचं रडणं आणि वडिलांचं गप्प होणं यापलीकडे काही होणार नाही. मी तुझ्या जागी असते तर ते एक पान तयार झालं की वडिलांपुढे ठेवलं असतं. त्यांना म्हण, "दादा, हे तपासून द्या, लाल नेमका कधी संपतो तुमच्या मते?" (तू त्यांना दादा म्हणतेस हे पत्रातून कळलं.) ते चष्मा शोधतील, चार चुका काढतील, दोन बरोबर असतील. तेवढ्यात सांगून टाक की तिथे असाच तक्ता होता, त्यात हे चुकलं होतं आणि मी बोलले नाही. बाकीचं त्याच्या मागोमाग येईल, प्रिंट, खुर्च्या, सगळं. ज्या माणसाने लिलावात उभं राहून पडेल तो भाव ऐकून घेतलाय, त्याला चारचौघांत गप्प बसणं म्हणजे काय हे समजावून द्यावं लागत नाही.

पैशांचं मात्र स्पष्ट बोल. ४६ हजारांचं ओझं तू एकटी मनात वाहतेस, आणि त्याच ओझ्यापायी परत जायचा विचार करतेस, म्हणजे खर्च वसूल व्हावा. गेलेले पैसे वसूल करायला आणखी दीड लाख घालायचे नसतात, हे तुमच्याच विषयात शिकवतात. पारावर वडील जे सांगतात ते पारावर राहू दे. मुलीचं कौतुक वाढवून सांगण्याचा बापाला हक्क असतो आणि ऐकणारेही त्यातलं निम्मं वजा करूनच ऐकतात.

राहिली चुलत बहीण. तिला अडवू नकोस, पण तुझ्या फोनवरच्या "मस्त चाललंय"वर तिला पाठवूही नकोस. जाण्याआधी तिने संस्थेकडून लेखी पत्र घ्यावं. त्यात कामाचं स्वरूप, तारखा, कुणाच्या हाताखाली काम करायचं त्याचं नाव आणि मानधनाचा आकडा असावा, शून्य असेल तर शून्य लिहिलेलं असावं. आधी तिथे काम करून गेलेल्या एका तरी मुलीशी फोनवर बोलावं. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी इंटर्नलाही लागू होतो आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कचेरीत तक्रार समिती असावीच लागते. त्या समितीत कोण आहे हे पहिल्या दिवशी विचारण्यात काही गैर नाही.

राहायची जागा फोटो बघून ठरवू नये. पहिले चार दिवस ओळखीच्या कुणाकडे किंवा एखाद्या वसतिगृहात काढून, मग पीजी प्रत्यक्ष बघून घ्यावं. तळघरातली खोली किंवा तळघरातली अभ्यासिका, कितीही स्वस्त असो, नको. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजेंद्र नगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तीन मुलं गेली, ते विसरायचं नाही. कचेरी कुठल्या मेट्रो लाइनवर आहे ते बघून खोली घ्यावी. तू लक्ष्मीनगरहून मंडी हाउसला गाडी बदलून नेहरू स्टेडियमपर्यंत रोज जात होतीस, त्यातला अर्धा जीव गाडी बदलण्यातच गेला असणार. लायनीवर खोली घेतली तर भाडं थोडं जास्त पडेल, पण उन्हातली ती पायपीट वाचते. नाशिकरोडहून पंजाब मेल आहे, राजधानीही थांबते; परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवलं की आईच्या जिवाला बरं असतं. आणि भाकरीची आठवण अनावर झाली तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे. तू दोन महिन्यांत एकदाही गेली नाहीस याचं मला नवल वाटलं. आमच्या वेळी हे नवं सदन नव्हतं, जुनं होतं कोपर्निकस मार्गावर, आणि तिथल्या पिठल्यासाठी मी दोन बस बदलून जायची.

बहिणीला एक वही दे. रोज रात्री पाच ओळी: आज काय केलं, काय कळलं नाही, काय माहीत असून बोलले नाही. तिसऱ्या रकान्यात रोज काही लिहायची वेळ आली तर तिने फोन तुला करायचा, घरी नाही.

तुझं ते एक पान झालं की मलाही पाठव, मी अजून कात्रणं जपते. आणि लासलगावला आकडे पडताळायला जाशील तर सकाळी लवकर जा. लिलाव सुरू झाला की तिथे कुणालाच बोलायला सवड नसते.